मानक एकच, पोर्टलं तीन: मोबाइल नेटवर्क आणि उपकरणांच्या व्यवस्थापनात घोडं कुठे अडतं

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शहरात पाणीमीटर आणि पथदिव्यांचे कंट्रोलर बसवले आहेत. प्रत्येकात सिम आहे आणि माल तीन कंपन्यांचा आहे. तिघांच्याही कागदावर ‘मानकानुसार’ असा शिक्का आहे, तरी पोर्टलं तीन, लॉगिन तीन आणि अलार्मही तीन तऱ्हांचे. मोबाइल ऑपरेटरांकडे इतक्या वर्षांची मानकं आहेत, मग ते हे कसं निभावतात, आणि पुढच्या निविदेत नेमकं काय लिहावं?

आधी ऑपरेटरांबद्दलचा गैरसमज दूर करतो. एनओसीच्या, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या, भिंतीवर एकच मोठी स्क्रीन दिसते, पण तिच्यामागे प्रत्येक व्हेंडरची, म्हणजे यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीची, स्वतंत्र ईएमएस (तिच्या यंत्रांचं व्यवस्थापन करणारी प्रणाली) असते. त्यातून येणारे अलार्म, काउंटर (यंत्राने मोजलेले आकडे) आणि कॉन्फिगरेशन (यंत्राच्या सेटिंग्ज) एका साच्यात बसवणारं मीडिएशन नावाचं सॉफ्टवेअर मधे असतं, आणि ते जिवंत ठेवायला कायमची माणसं लागतात. व्हेंडरने सॉफ्टवेअर अपग्रेड केलं की काउंटरची नावं बदलतात आणि सकाळी अर्धे रिपोर्ट रिकामे येतात. मी आधी हे काम केलं आणि नंतर आयओटी उपकरणांकडे, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या मीटर-दिव्यांसारख्या वस्तूंकडे, वळलो. दोन्हीकडचं दुखणं एकच आहे.

ते असं. ‘मानकानुसार’ या शिक्क्याखाली तीन वेगळे थर असतात. पहिला प्रोटोकॉलचा: निरोप कोणत्या रूपात, कोणत्या पोर्टवर, कोणत्या सुरक्षेने जाणार. दुसरा डेटा मॉडेलचा: कोणत्या गोष्टीला काय नाव, कोणतं एकक, कोणता क्रमांक. तिसरा वर्तनाचा: हुकूम अर्धा पोचला, मधेच वीज गेली, सिमला रेंज नाही, अशा वेळी उपकरण काय करतं आणि नंतर काय सांगतं. बाजारातल्या मालात पहिला थर बहुतेक पूर्ण असतो, दुसरा अर्धामुर्धा, आणि तिसऱ्याबद्दल कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगतही नाही. सातबाऱ्याचा नमुना राज्यभर एकच आहे म्हणून बांधाचे वाद मिटले नाहीत, तसंच हे आहे. या तिन्ही थरांवर भारी पडणारी चौथी गोष्ट म्हणजे किल्ल्या, म्हणजे उपकरणावर हुकमत देणाऱ्या डिजिटल चाव्या, कोणाच्या ताब्यात आहेत. तिच्याकडे नंतर येतो, कारण तुमचा खरा खर्च तिथे आहे.

नेटवर्कच्या बाजूने

एसएनएमपी हा नेटवर्कमधल्या यंत्रांवर नजर ठेवायचा प्रोटोकॉल. त्याची पहिली रुळलेली आवृत्ती १९९० ची, आरएफसी ११५७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका). लिंक वर आहे की खाली, पोर्टवर ट्रॅफिक किती, हे पाहायला ती उत्तम होती आणि आजही आहे. पण तिच्यातून कॉन्फिगरेशन करायला कोणी धजत नसे. जून २००२ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने नेटवर्क चालवणारे आणि प्रोटोकॉल लिहिणारे अशा दोघांना एका कार्यशाळेत बसवलं. तिचा वृत्तांत पुढच्या वर्षी आरएफसी ३५३५ म्हणून निघाला. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला मी पहिल्यांदा तोच वाचायला सांगतो. चालवणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही कॉन्फिगरेशन कमांड लाइनवरून आणि स्क्रिप्टने करतो, काय ठरवलंय आणि प्रत्यक्षात काय चाललंय हे वेगळं दिसायला हवं, अनेक यंत्रांवरचा बदल एकदम व्हावा, नाहीतर अजिबात होऊ नये, आणि पूर्ण कॉन्फिगरेशन मजकूर म्हणून काढून परत घालता आलं पाहिजे.

त्यातून कॉन्फिगरेशनसाठी नेटकॉन्फ हा प्रोटोकॉल आला, आधी २००६ मध्ये आणि सुधारून २०११ मध्ये. सोबत मॉडेल लिहायची भाषा यांग आली, २०१० मध्ये. नेटकॉन्फमधली मला सर्वात आवडणारी सोय म्हणजे ‘कन्फर्म्ड कमिट’. बदल लागू होतो, पण ठरावीक वेळेत तुम्ही पुन्हा दुजोरा दिला नाही तर यंत्र आपणहून जुन्या स्थितीत परततं. वेळ सांगितली नसेल तर ती ६०० सेकंद धरली जाते. दूरच्या टॉवरवर रूटिंग बदलताना स्वतःचाच रस्ता तोडून घेतलात, तरी दहा मिनिटांत साइट परत येते आणि रात्री गाडी काढावी लागत नाही. तिसऱ्या थरातलं वर्तन मानकातच शब्दांत बांधलं की काय होतं, त्याचा हा नमुना.

दुसऱ्या थरावर मात्र लगेच फाटाफूट झाली. एका साध्या इंटरफेसचं यांग मॉडेल आयईटीएफ या इंटरनेट मानकांच्या संस्थेचं वेगळं, मोठ्या नेटवर्कवाल्यांनी एकत्र येऊन केलेल्या ओपनकॉन्फिगचं वेगळं, आणि प्रत्येक व्हेंडरचं घरचं वेगळं. प्रोटोकॉल तोच, भाषा तीच, आणि त्याच पोर्टचं वर्णन तीन प्रकारे. वरून यांगमध्ये ‘डेव्हिएशन’ नावाची सोय आहे. अमुक मानक मॉडेल आम्ही पाळतो, पण त्यातले हे हे भाग आमच्या यंत्रात नाहीत, असं व्हेंडर तिच्यात लिहू शकतो. हा पळवाटेचा रस्ता आहे, पण प्रामाणिक रस्ता आहे. मालाबरोबर डेव्हिएशनची फाइल मागून घ्या. माहितीपत्रकाच्या चाळीस पानांपेक्षा त्या फाइलमधून जास्त कळतं.

मोबाइल नेटवर्कचं व्यवस्थापन थ्रीजीपीपी या मोबाइल मानकांच्या संस्थेचा एसए५ हा गट बघतो. ३जीच्या काळात त्यांनी ऑपरेटरची व्यवस्थापन यंत्रणा आणि व्हेंडरची ईएमएस यांच्यामधला दुवा ठरवला. त्याला नॉर्थबाउंड म्हणतात. सुरुवातीला तो कोर्बा या प्रोग्रॅमना आपसात बोलू देणाऱ्या जुन्या तंत्रावर होता. ५जीमध्ये हे सगळं सेवांच्या रूपात मांडलं गेलं: टीएस २८.५३२ मध्ये व्यवस्थापनाच्या सर्वसाधारण सेवा, टीएस २८.५४१ मध्ये नेटवर्कमधल्या घटकांचं मॉडेल. कागद म्हणून हे काम चोख आहे. व्यवहारात पूर्वी नॉर्थबाउंड इंटरफेस हा वेगळं लायसन्स घेऊन चालू करायचा भाग असे, आणि अजूनही बऱ्याच करारांत असतो. मानकात आहे म्हणून किमतीत असेलच असं समजू नका.

अलार्मचं बघा. तीव्रतेच्या पायऱ्या आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या एक्स.७३३ या मानकाने १९९२ मध्येच ठरवल्या: क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग, अनिश्चित आणि क्लिअर. सगळे व्हेंडर याच वापरतात. पण अँटेनाच्या केबलमध्ये पाणी शिरून व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून परत फिरणाऱ्या लहरींचं मोजमाप, वाढला, तर तो मेजर की मायनर हे प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवलेलं असतं. संभाव्य कारणाच्या रकान्यात मानकातल्या यादीतलं एखादं गुळमुळीत कारण येतं, आणि कामाची माहिती ‘विशिष्ट समस्या’ या मोकळ्या रकान्यात व्हेंडरच्या शब्दांत येते. म्हणून एनओसीतली पोरं तीव्रतेचा रकाना बघत नाहीत, मजकूर वाचतात. तुमच्या पथदिव्यांच्या अलार्ममध्येही हेच होणार आहे.

काउंटरचा घोळ आणखी बारीक आहे. एलटीईत, म्हणजे ४जीत, सेशन तुटण्याचं प्रमाण काढताना थ्रीजीपीपीच्या व्याख्येत ‘सक्रिय’ सेशनचा विचार आहे, म्हणजे तुटण्याच्या क्षणी बफरमध्ये डेटा होता का. सगळी सेशन मोजणारं सूत्र लावलं की छेद फुगतो आणि टक्केवारी सुंदर दिसते. दोन्ही सूत्रांच्या वर नाव तेच असतं. एका सर्कलमध्ये दोन व्हेंडर असतील आणि त्यांची तुलना करायची असेल, तर तयार केपीआय, म्हणजे कामगिरीचे हिशेब केलेले आकडे, कधीच घेऊ नयेत. कच्चे काउंटर घ्यावेत आणि सूत्र स्वतः लिहावं.

आणि वेळ! परदेशी सॉफ्टवेअरला आपला साडेपाच तासांचा फरक अजूनही पचत नाही. एका व्हेंडरने तासाची बेरीज यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, केली आणि दुसऱ्याने भारतीय वेळेप्रमाणे, तर दोघांचे तास अर्ध्या तासाने सरकलेले असतात. दोन्ही फाइली बरोबर असतात, पण संध्याकाळचा गर्दीचा तास कुठेच जुळत नाही. म्हणून कच्चा डेटा पंधरा मिनिटांचाच मागावा, वेळेबरोबर झोनचा फरक लिहिलेला असावा, आणि बेरीज आपण करावी. पाणीमीटरलाही हे लागू आहे. रात्री दोन ते चार या वेळेतला प्रवाह बघून गळती शोधायची असेल, तर अर्धा तास इकडेतिकडे चालत नाही.

ओ-रॅन, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग जुळावेत म्हणून मोबाइलच्या रेडिओ नेटवर्कसाठी केलेली खुली मानकं, याबद्दल दोन वाक्यं, कारण ते नाव निविदांमध्ये फार फिरतं. २०१८ मध्ये एटी अँड टी, चायना मोबाइल, डॉइश टेलिकॉम, एनटीटी डोकोमो आणि ऑरेंज या ऑपरेटरांनी ही आघाडी उभी केली, म्हणजे इथे माल घेणारे पुढे होते. रेडिओ युनिटच्या व्यवस्थापनासाठी त्यांनी नेटकॉन्फ आणि यांगच घेतलं, आणि मॉडेलही स्वतः लिहिलं. तरी वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग जोडून नेटवर्क उभं करायला जुळवणी करणारा लागतोच. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीत कोर (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग) सी-डॉट या सरकारी संस्थेचा, रेडिओ तेजस या कंपनीचा आणि जुळवणीची जबाबदारी टीसीएसची, अशी विभागणी आहे. जुळवणाऱ्याचं नाव आणि त्याचा मोबदला करारात लिहिलेला असतो, हे ध्यानात ठेवा.

फोनच्या बाजूने

ज्यांनी नोकियाचे जुने फोन वापरले त्यांना आठवेल: नवीन सिम घातलं की कंपनीकडून ‘सेटिंग’चा मेसेज यायचा, पिन विचारायचा, १२३४ टाकून सेव्ह केलं की जीपीआरएस, म्हणजे मोबाइल डेटा, चालू व्हायचं. ते क्लायंट प्रोव्हिजनिंग. वॅपच्या, म्हणजे फोनवरच्या सुरुवातीच्या इंटरनेटच्या, काळात त्याचा जन्म झाला आणि पुढे ते ओपन मोबाइल अलायन्सकडे, म्हणजे ओएमएकडे आलं. ही संस्था जून २००२ मध्ये वॅप फोरम आणि इतर काही गटांना एकत्र करून झाली. पुढे त्यांनी ओएमए डीएम हे उपकरणांच्या व्यवस्थापनाचं मानक आणलं. फोनच्या आत व्यवस्थापनाचं एक झाड, त्याच्या फांद्यांवर सेटिंग्ज, आणि फर्मवेअर, लॉक-वाइप, निदान यांसाठी वेगवेगळे ठरलेले ऑब्जेक्ट.

क्लायंट प्रोव्हिजनिंगची कथा २०१९ मध्ये पुन्हा वर आली. चेक पॉइंटच्या संशोधकांनी दाखवलं, की सॅमसंग, हुआवे, एलजी आणि सोनी या कंपन्यांच्या काही अँड्रॉइड फोनना असा सेटिंगचा मेसेज बाहेरचा कोणीही पाठवू शकतो. ग्राहकाने ‘स्वीकार’ दाबलं, की त्याचा डेटा हल्लेखोराच्या प्रॉक्सीतून, म्हणजे त्याच्या मधल्या सर्व्हरमधून, जाणार. मानकात मेसेजची सत्यता तपासायची सोय होती, पण ती सक्तीची नव्हती. ‘ऐच्छिक’ हा शेरा मानकात दिसला की तिथे पेन्सिलने खूण करा, पुढची अडचण बहुतेक तिथूनच येते.

ओएमए डीएम आज सर्वात जास्त कुठे दिसतं? विंडोजमध्ये. कार्यालयातल्या लॅपटॉपवर कंपनी जी धोरणं लादते, ती याच प्रोटोकॉलवरून जातात. फोनमध्ये मात्र अॅपल आणि गूगल यांनी आपापल्या वाटा धरल्या. अॅपलचं एमडीएम (फोन दुरून सांभाळायची सोय) २०१० मध्ये आयओएस ४ बरोबर आलं. अँड्रॉइडचं डिव्हाइस ॲडमिनही त्याच वर्षीचं, आणि पुढे ५.० मध्ये वर्क प्रोफाइल, म्हणजे फोनमधला कामाचा वेगळा कप्पा, आलं. माझं मत विचाराल, तर फोनच्या व्यवस्थापनात खुल्या मानकाची लढाई संपलेली आहे आणि त्यात फार रडण्यासारखं काही नाही. दोनच ऑपरेटिंग सिस्टिम उरल्या, तेव्हा बाजारातली सगळी एमडीएम साधनं त्या दोघांच्या एपीआयवर (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायच्या ठरलेल्या दारांवर) बसली, आणि ग्राहकाला एक पोर्टल मिळालं. तुमच्या मीटर वाचणाऱ्यांच्या हातातल्या फोनसाठी असं एखादं साधन घ्या आणि पुढे चला.

तुलनेला एक छोटं मानक घ्या: आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा क्रमांक. पंधरा अंक, पहिले आठ मॉडेल सांगणारे, पुढचे सहा अनुक्रमांक, शेवटचा तपासणीचा. *#०६# दाबलं की कुठल्याही फोनवर दिसतो. हरवलेले फोन बंद करणारी सीईआयआर यंत्रणा आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली इथे आधी चालवून पाहिली गेली, आणि मे २०२३ मध्ये संचार साथी या सरकारी पोर्टलमधून देशभर आली. सगळे व्हेंडर आणि सगळे ऑपरेटर यांना एकत्र आणणारी ही गोष्ट चालली, कारण जुळवायची बाब एकच होती आणि तिच्यात ऐच्छिक काही नव्हतं. खोटे आयएमईआय घालणारे आहेतच, पण ती अडचण वेगळी.

तुमची उपकरणं

आता मीटर आणि दिवे. इथे पुण्यातल्या कुठल्याही स्टार्टअपकडून पहिलं उत्तर येतं, “एमक्यूटीटी आहे ना.” एमक्यूटीटी चांगलं आहे, २०१४ पासून ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे. पण ते निरोप पोचवतं एवढंच. टॉपिकचं, म्हणजे निरोपाच्या पत्त्याचं, नाव काय, जेसन साच्यातल्या निरोपात रीडिंगला कोणतं नाव, एकक लिटर की घनमीटर, फर्मवेअर बदलायचं कसं, यातलं काहीही ते सांगत नाही. तीन कंपन्या एमक्यूटीटी वापरत असतील तर तुमच्याकडे पहिला थर आहे आणि बाकी काही नाही. तुमच्या वर्णनावरून तेच झालेलं दिसतंय.

बॅटरीवर चालणाऱ्या, सिम असलेल्या उपकरणांसाठी माझी पसंती लाइटवेट एम२एम या व्यवस्थापनाच्या मानकाला आहे. ते ओएमएचंच, पहिली आवृत्ती २०१७ ची, १.२ आवृत्ती २०२० ची. कोॲप या हलक्या प्रोटोकॉलवर चालतं, म्हणून निरोप छोटे. प्रत्येक गोष्टीला क्रमांक: ऑब्जेक्ट (विषय), त्याची प्रत, आणि त्यातला रिसोर्स (एकेक बाब). /३/०/९ म्हणजे बॅटरीची टक्केवारी, /३/०/४ म्हणजे रीबूट, ऑब्जेक्ट ५ म्हणजे फर्मवेअर. पाणीमीटर आणि दिव्यांच्या कंट्रोलरसाठीही ओएमएच्या नोंदवहीत तयार ऑब्जेक्ट आहेत. म्हणजे दुसरा थर इथे खरोखर लिहिलेला आहे.

पण सक्तीचं किती आहे ते बघा. ऑब्जेक्ट ३, म्हणजे खुद्द उपकरणाची माहिती, यात सक्तीचे रिसोर्स तीनच: रीबूट, एरर कोड आणि कोणत्या मार्गाने बोलता येतं ते. उत्पादकाचं नाव, अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, बॅटरी, हे सगळं ऐच्छिक. आपण कोण आहोत आणि आपल्यात कोणतं सॉफ्टवेअर आहे हे न सांगणारं उपकरणही ‘मानकानुसार’ ठरतं. शिवाय कंपन्यांना आपले खासगी ऑब्जेक्ट नोंदवायला १०२४१ पासून पुढचे क्रमांक मोकळे आहेत. मीटरचं खरं रीडिंग तयार ऑब्जेक्टऐवजी अशा खासगी ऑब्जेक्टमध्ये ठेवलं, तर कागदावर मानक पाळलं जातं आणि तुम्ही त्याच कंपनीच्या पोर्टलला बांधले जाता.

फर्मवेअर अपडेटमध्ये तिसरा थर उघडा पडतो. ऑब्जेक्ट ५ मध्ये चार अवस्था ठरलेल्या आहेत: रिकामी, डाउनलोड चालू, डाउनलोड पूर्ण, अपडेट चालू. निकालाचे कोडही ठरलेले: १ म्हणजे यशस्वी, २ म्हणजे फ्लॅशमध्ये जागा नाही, ५ म्हणजे फाइल खराब, ८ म्हणजे अपडेट फसलं. मेख रीबूटनंतर आहे. नवीन फर्मवेअर चढल्यावर उपकरण पुन्हा सुरू होतं, तेव्हा आधीचा निकाल त्याच्या आठवणीत टिकला पाहिजे. कित्येक उपकरणं सुरू होताना निकालाचं खातं शून्यावर आणतात. सर्व्हरला कळत नाही की काम झालं की नाही. एक सर्व्हर पुन्हा तीच फाइल पाठवतो, दुसरा आवृत्तीचा आकडा वाचून ठरवतो, तिसरा वाट बघत बसतो. आणि आवृत्तीचा रिसोर्स ऐच्छिक आहे हे आत्ताच पाहिलं. मीटर चेंबरमध्ये, बॅटरी काही वर्षं पुरायची, आणि तीच मोठी फाइल पुन्हा पुन्हा उतरतेय, तर बॅटरीचं गणित कोलमडतं.

दुसरी नेहमीची अडचण नॅटची, म्हणजे अनेक उपकरणांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणाऱ्या यंत्रणेची. तुमचं सिम ऑपरेटरच्या नॅटच्या मागे असतं. निरोप नेणाऱ्या यूडीपी प्रोटोकॉलची नोंद नॅटमध्ये थोडाच वेळ टिकते, त्यामुळे मीटर झोपल्यावर सर्व्हरने केलेली हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. यासाठी क्यू मोड आहे: सर्व्हरने हुकूम रांगेत ठेवायचा आणि मीटर जागा होऊन बोलला की द्यायचा. जाग आल्यावर आयपी किंवा पोर्ट बदललेला असेल तर डीटीएलएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, ओळखपरेड पुन्हा होते आणि तिच्यात डेटा आणि बॅटरी दोन्ही जातात. २०२२ मध्ये आलेलं आरएफसी ९१४६, म्हणजे कनेक्शन आयडी, यावरचा इलाज आहे. तुमच्या मॉड्यूलमध्ये तो आहे का ते आवर्जून विचारा. डेमोच्या टेबलावर, वायफायवर, हे काहीच दिसत नाही. खासगी एपीएन, म्हणजे सिमच्या डेटासाठी ऑपरेटरच्या नेटवर्कमधलं स्वतंत्र दार, घेतला तर यातलं बरंच सोपं होतं, पण मग ऑपरेटर बदलताना तो एपीएन उपकरणात दुरून बदलता येतो का, हा प्रश्न उभा राहतो.

पथदिव्यांना कायमची वीज आहे, तिथे इतका काटकसरीचा हिशेब नको. तिथे टॅल्क हे मानक बघा. शहराची मुख्य प्रणाली आणि कंपनीची दिव्यांची प्रणाली यांच्यामधला दुवा ते ठरवतं. म्हणजे कंपन्यांची पोर्टलं आत राहतात, पण वरून एकच प्रणाली त्यांच्याशी बोलते. आधीच बसलेल्या मालासाठी हा मार्ग जास्त व्यवहार्य आहे.

किल्ल्या

लाइटवेट एम२एममध्ये उपकरणाने कोणत्या सर्व्हरशी बोलायचं आणि कोणत्या किल्लीने, हे ऑब्जेक्ट ० मध्ये असतं. नेहमीच्या व्यवस्थापन सर्व्हरला तो वाचताही येत नाही आणि बदलताही येत नाही. ते काम फक्त बूटस्ट्रॅप सर्व्हर, म्हणजे उपकरणाला सुरुवातीची जोडणी करून देणारा सर्व्हर, करू शकतो. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. पण बूटस्ट्रॅप सर्व्हर पुरवठादाराचा असेल, तर उद्या त्याच्याशी बिनसलं की जमिनीत पुरलेला प्रत्येक मीटर त्याच्याच सर्व्हरला हाक मारत राहणार. उरलेलं सगळं मानकाप्रमाणे असूनही.

ई-सिममध्ये हा धडा जगाने आधीच घेतलाय. यंत्रांसाठीच्या ई-सिमचं जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेचं जुनं मानक एसजीपी.०२. त्यात ऑपरेटर बदलायची सोय होती आणि ई-सिमचं नियंत्रण एका एसएम-एसआर कडून (ई-सिम दुरून सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून) दुसऱ्याकडे सोपवायची प्रक्रियाही लिहिलेली होती. पण ती पार पाडायला जुन्या एसएम-एसआरचं सहकार्य आणि दोघांची तांत्रिक जुळणी लागे. सोडून चाललेल्या ग्राहकासाठी एवढी तसदी कोण घेणार? २०२३ च्या एसजीपी.३२ मध्ये रचना बदलली, एसएमएसवरचं अवलंबित्वही गेलं, आणि नियंत्रण ईआयएम नावाच्या घटकाकडे आलं. हे बरंच मोकळं आहे. तरी पहिला ईआयएम कारखान्यात कोण नोंदवतं आणि तो काढायचा हक्क कोणाला, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

किल्ल्यांबरोबर दाराचीही काळजी घ्या. घरगुती राउटरांचं व्यवस्थापन टीआर-०६९ ने होतं. २००४ पासूनचं हे मानक जुळणीच्या बाबतीत खूप यशस्वी ठरलं. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये व्यवस्थापनाचा ७५४७ पोर्ट इंटरनेटवर उघडा सापडल्यामुळे मिराई या उपकरणांत शिरणाऱ्या घातक सॉफ्टवेअरच्या एका नव्या अवताराने जगभर राउटर धुंडाळले, आणि त्या गोंधळात जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. व्यवस्थापनाचा रस्ता सगळ्या उपकरणांना एकसारखा असतो, म्हणून तो फुटला की सगळी एकदम जातात. नव्या राउटरसाठी त्याचा वारसदार टीआर-३६९ धरा. मीटर आणि दिव्यांना सार्वजनिक आयपी देऊ नका.

निविदेत काय लिहावं

‘खुल्या मानकांचे पालन करावे’ हे वाक्य काढून टाका, त्याने काहीही साध्य होत नाही. त्याऐवजी मानकाची आवृत्ती लिहा आणि तिच्या पुढे कोष्टक जोडा: कोणता ऑब्जेक्ट, कोणता रिसोर्स, वाचता येणारा की बदलता येणारा, एकक कोणतं. मानकात ऐच्छिक असलेलं जे तुम्हाला हवंय ते तुमच्या कोष्टकात सक्तीचं करा. फर्मवेअरची आवृत्ती, अनुक्रमांक, बॅटरी आणि सिग्नलची ताकद यांत सवलत नको. मानक ऑब्जेक्टमध्ये बसणारी माहिती खासगी ऑब्जेक्टमध्ये ठेवायला मनाई करा, आणि जे खासगी लागेलच त्याची पूर्ण व्याख्या तुमच्या मालकीची असू द्या. अलार्मची तीव्रता पुरवठादारावर सोडू नका, यादी तुम्ही द्या.

चाचणी पुरवठादाराच्या सर्व्हरवर घेऊ नका. लेशान हा लाइटवेट एम२एमचा खुला सर्व्हर फुकट मिळतो. प्रत्येक बोलीदाराची पाच-दहा उपकरणं त्याच्याशी जोडून दाखवायला सांगा. ज्याचं उपकरण फक्त स्वतःच्याच सर्व्हरशी बोलतं, तो तिथेच उघडा पडतो. मग बिघाड मुद्दाम करा: अपडेट चालू असताना बॅटरी काढा, डाउनलोड अर्ध्यावर असताना सिम बंद करा, चुकीची सही असलेली फाइल पाठवा, सर्व्हर दोन दिवस बंद ठेवून चालू करा आणि सगळे मीटर एकाच मिनिटात धावून येतात का ते बघा. पैशांचा एक हप्ता या चाचण्यांना बांधा. अटी कितीही चांगल्या असल्या तरी हप्त्याशिवाय त्या कोणी मनावर घेत नाही.

बूटस्ट्रॅप सर्व्हर तुमचा असावा, निदान त्याचं प्रशासन तुमच्याकडे. किल्ल्या, सिमची यादी, आयएमईआय आणि मीटर क्रमांक यांची जोडणी माल उतरतानाच फाइलमध्ये मिळावी. करार संपताना मागितलेली यादी कधीच पूर्ण येत नाही. आणि करार चालू असताना एकदा, थोड्या उपकरणांवर, सर्व्हर बदलून दाखवणं बंधनकारक करा. कागदावरचा हस्तांतरणाचा हक्क आणि प्रत्यक्षातलं हस्तांतरण यांत किती अंतर आहे ते त्या दिवशी कळतं.

विजेच्या स्मार्ट मीटरवाल्यांकडून एक गोष्ट जरूर घ्या. आपल्याकडे त्यांनी डीएलएमएस हे आंतरराष्ट्रीय मानक जसंच्या तसं न घेता आयएस १५९५९ या भारतीय मानकात भारतासाठी त्यातलं काय आणि कोणत्या क्रमाने लागणार हे बांधून दिलं. ऐच्छिकाचं सक्तीचं करणं ते हेच. त्यांचं दुखणं आता मीटरमधल्या संपर्काच्या मॉड्यूलमध्ये आहे: रीडिंग मानकाने येतं, पण खुद्द मॉड्यूलचं फर्मवेअर, रेंजची माहिती आणि सिमचा कारभार बऱ्याच ठिकाणी त्या त्या कंपनीच्या पद्धतीने चालतो. पाणीमीटरच्या निविदेत मीटर आणि मोडेम या दोघांचं व्यवस्थापन वेगवेगळं लिहा.

आधी बसलेल्या तीन कंपन्यांच्या मालाचं काय? तो उपसू नका. प्रत्येक कंपनीकडून पोर्टलच्या मागचा एपीआय लेखी घ्या, मधे दोन्हीकडचं भाषांतर करणारा एक अॅडॅप्टर लिहून घ्या, आणि तो वरच्या बाजूला तुमच्या नव्या कोष्टकाप्रमाणेच बोलेल असं बघा. वाचन आणि अलार्म आधी आणा. ते काही आठवड्यांचं काम आहे. दुरून हुकूम आणि फर्मवेअर त्या कंपन्यांच्या पोर्टलवरच राहू द्या, कारण तिथे प्रत्येकाचं वर्तन वेगळं आहे आणि अॅडॅप्टरच्या चुकीने बंद पडलेला मीटर चेंबर उघडूनच काढावा लागतो. देखभालीचा करार नव्याने करायची वेळ येईल तेव्हा एपीआयची ही अट त्यात घाला. त्या टेबलावर तुमची बाजू सगळ्यात भक्कम असते.